रात्रीचं विमान, सकाळचं लंडन आणि न झोपलेलं शरीर

प्रश्न: मी ६२ वर्षांची, यजमान ६७. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंच लंडनला चाललोय, पहिल्यांदाच आणि कुठल्याही ग्रुपशिवाय. मुंबईहून रात्री अडीचचं थेट विमान आहे, सकाळी आठला हीथ्रोला उतरणार. सांगलीहून त्याच दिवशी दुपारी एकला गाडीने निघायचा बेत आहे. लंडनचं हॉटेल पॅडिंग्टनजवळ, खोली तीनला मिळेल. मधला वेळ फुकट जाऊ नये म्हणून दुपारी दीडची टॉवर ऑफ लंडनची, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ल्याची, तिकिटं काढून ठेवलीत. यजमानांना बीपी आणि मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. एवढं सगळं झेपेल का? विमानात झोपेची गोळी घ्यावी का? मुलगी पुण्यात असते, तिला काळजी वाटतेय.

उत्तर: ताई, झेपेल. पण तुम्ही आखलाय तसा नाही. आधी तुमच्याच वेळा कागदावर मांडून बघू या.

निघायच्या दिवशी तुम्ही सहाला उठाल असं धरू (खरं तर पाचलाच जाग येईल). एकला सांगली सोडली, वाटेत चहापाणी, घाटातली गर्दी, आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला मुंबई विमानतळ. अडीचला विमान. उतराल तेव्हा लंडनमध्ये सकाळचे आठ, पण आपल्याकडे दुपारचे साडेबारा, कारण उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. इमिग्रेशन, सामान आणि पॅडिंग्टनपर्यंतचा प्रवास धरून हॉटेलच्या दारात साडेदहा, म्हणजे आपले दुपारचे तीन. खोली तीनला, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. विमानात डोळा लागला नाही तर गादीला पाठ टेकेपर्यंत तुम्ही सलग साडेसदतीस तास जाग्या असाल. आणि त्या जागरणाच्या शेवटच्या टप्प्यात, दीड वाजता, तुम्ही टॉवरच्या दगडी जिन्यांवर चढत असाल.

मी २३ वर्षं टूर मॅनेजर म्हणून ग्रुप नेतेय, बहुतेक तुमच्याच वयाच्या माणसांचे. तिकिटावर दहा तास लिहिलेले असतात, म्हणून सगळे दहा तासांची तयारी करतात. मानेची उशी घेतात, डोळ्यांची पट्टी घेतात. पण माणूस दमतो तो विमानाच्या आधी आणि विमानाच्या नंतर. मधले दहा तास त्या मानाने बरे असतात, निदान बसायला तरी मिळतं.

हे मी कुठून शिकले ते सांगते. मी नवीन असताना ज्या कंपनीत होते, तिथे पहिल्याच दिवशी शहरदर्शन ठेवायची पद्धत होती. म्हणजे एक दिवसाचं हॉटेल वाचतं आणि पत्रकावर एक दिवस भरगच्च दिसतो. पॅरिसला सकाळी उतरलो आणि विमानतळावरूनच बसने फिरायला निघालो. ग्रुपमध्ये एक निवृत्त शिक्षिका होत्या. पेन्शनमधून कित्येक वर्षं साठवून आलेल्या. बसने आयफेल टॉवरला वळसा घातला तेव्हा मी माइकवर माहिती सांगत होते आणि त्या खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. मी उठवलं नाही, मला वाटलं झोपू दे. रात्री जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "अगं, तो टॉवर कधी गेला?" पुढे दोन दिवसांनी आम्ही परत तिथे गेलो, त्यांनी तो नीट बघितला. पण त्या रात्रीचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून उतरल्याच्या दिवशी पैसे देऊन काही बघायचं नाही, हा माझा नियम आहे. कंपनीशी भांडून मी तो पाळत आलेय.

तेव्हा पहिलं काम: टॉवर ऑफ लंडनच्या तिकिटांची तारीख बदलता येते का ते आजच बघा. नाहीच बदलली तर ते पैसे गेले असं समजा. दुसरं काम: त्याच दिवशी सांगलीहून निघू नका. मुलगी पुण्यात आहे ना, मग आदल्या दिवशी तिच्याकडे जा.

आता जे सांगणार आहे ते यजमानांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. प्रवासाच्या आदल्या दोन दिवसांत घरातली बाई किती राबते, ते मी शेकडो घरांत पाहिलंय. पुरुषमाणूस पासपोर्ट आणि डॉलर-पौंड बघतो. बाई फ्रिज रिकामा करते, उरलेल्या दुधाचं दही लावून शेजारी देते, कुंड्यांना पाणी घालायचं कुणाला तरी समजावते, गॅसचा कॉक दोनदा तपासते, चावी कुणाकडे ठेवायची ते ठरवते, वाटेसाठी दशम्या करते. निरोप द्यायला येणाऱ्यांना चहा पण तीच करते. कुणी ओवाळायला येतं, कुणी हातावर दही-साखर ठेवायला. सगळं प्रेमानेच चाललेलं असतं, पण त्यात तिची दुपारची झोप जाते. विमानतळावर माझ्यासमोर ग्रुप उभा राहतो तेव्हा पुरुष ताजेतवाने आणि बायकांचे डोळे लाल, असं दृश्य मी वर्षानुवर्षं बघतेय. मग पायाला गोळे येणं, उलट्या, डोकेदुखी हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं.

म्हणून घर बंद करायची कामं तीन दिवस आधी संपवा. भेटायला येणाऱ्यांना सांगलीतच भेटून घ्या आणि पुण्याला मुलीला स्पष्ट सांगा की रात्री गप्पा नकोत. निघायच्या दिवशी दुपारी दोन ते चार पडदे ओढून आडवं व्हायचं. झोप लागली नाही तरी चालेल, आडवं मात्र व्हायचंच. सहाला पुण्याहून निघालात की साडेदहाच्या आत विमानतळावर पोचता, घाटात थोडा अडकलात तरी. मुलीलाही सांगून ठेवा: गाडीत फोन नाहीत, डोळे मिटून बसायचं.

रात्रीची विमानं मध्यरात्रीनंतरच का असतात, असं मला नेहमी विचारतात. युरोपातल्या बऱ्याच विमानतळांवर रात्री उतरायला-उडायला निर्बंध आहेत. फ्रँकफर्टला तर रात्री ११ ते पहाटे ५ ठरलेली उड्डाणंच नसतात. त्यामुळे तिथे सकाळी पोचायचं तर इथून आपल्याला अपरात्री निघावं लागतं. हे बदलणारं नाही. पण तुमच्या बाबतीत त्यात एक सोय लपलेली आहे. तुमचं विमान अडीचला सुटतं तेव्हा लंडनमध्ये रात्रीचे दहा वाजलेले असतात. म्हणजे विमानातली रात्र ही लंडनचीच रात्र आहे. सुटल्यापासून सहा तास झोपलात तर तुम्ही लंडनच्या माणसासारख्याच झोपून उठता. ही वेळ जेवण आणि सिनेमात घालवायची नाही.

विमान सुटल्यावर तासाभराने, म्हणजे आपल्या पहाटे साडेतीनला, जेवणाचा ट्रे येतो. घरी पहाटे साडेतीनला कुणी छोले-भात खाईल का? पण पैसे भरलेत म्हणून लोक उठून बसतात, खातात आणि मग पोट जड होऊन तळमळतात. यात विमानाच्या हवेचाही हात आहे. आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर बसल्यासारखं. दाब कमी झाला की हवा प्रसरण पावते. बॅगेतलं चिवड्याचं पाकीट बाहेर काढून बघा, फुग्यासारखं टम्म झालेलं असतं. पोटातल्या वायूचंही तेच होतं. म्हणून त्या रात्री उसळी, कोबी, सोड्याची पेयं टाळा. रात्रीचं जेवण नेहमीच्या वेळेला, आठ-साडेआठला, वाटेतच घ्या: दशम्या, कोरडी चटणी, केळं. तेल सुटलेलं लोणचं हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत काढून ठेवावं लागेल. आणि एक सांगून ठेवते. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, खवा, तूप यातलं काहीही सामानात नको. दुधात भिजवलेल्या दशम्याही विमानातच संपवा.

जेवण नको असेल तर आधीच हवाईसुंदरीला सांगा आणि पांघरुणावरून पट्टा बांधा, म्हणजे तो दिसत राहतो आणि तपासायला कुणी उठवत नाही. सकाळचा नाश्ता मात्र घ्या. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तिकिटात निदान दोन दिवस आधी नोंदवून ठेवा. तशी जेवणं इतरांच्या आधी येतात, हाही एक फायदा.

जागा शक्यतो पैसे भरून निवडा. यजमानांना मधल्या वाटेकडेची, कारण मधुमेहात लघवीला उठावं लागतं आणि तीनदा शेजाऱ्याला उठवायच्या संकोचाने माणूस पाणीच पीत नाही. तुम्ही त्यांच्या शेजारी. शेवटच्या रांगा नकोत, तिथे स्वच्छतागृहाची रांग रात्रभर अंगावर येते.

पाणी कमी पिणं हा आपल्या बायकांचा प्रवासातला जुना रोग आहे. विमानातली हवा फार कोरडी असते, बऱ्याचदा आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली. ओठ फुटतात, नाक आतून कोरडं पडतं, आणि निम्मी डोकेदुखी त्याचीच असते. नाकपुड्यांना आतून किंचित व्हॅसलिन लावा. दर दीड-दोन तासांनी जाग आली की दोन घोट पाणी. आणि पायांकडे दुर्लक्ष नको. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक अहवाल दिला होता: चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सुमारे सहा हजारांत एक एवढाच असतो, तेव्हा घाबरू नका. पण वय, स्थूलपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आधी कधी झालेली गुठळी यांनी तो वाढतो. उपाय साधे आहेत. बसल्या बसल्या टाचा जमिनीला टेकवून चवडे वर-खाली करा, मग चवडे टेकवून टाचा. जाग येईल तेव्हा वीस-वीस वेळा. गुडघ्यापर्यंतचे घट्ट वैद्यकीय मोजे मिळतात, ते डॉक्टरांना विचारून योग्य मापाचे घ्या. मधुमेहात पायाचं रक्ताभिसरण कमी असेल तर ते मोजे त्रासही देऊ शकतात, म्हणून यजमानांसाठी नक्की विचारा. बूट जुने, सैल. पाय सुजतात, नवीन बूट उतरताना पायात जात नाहीत. आणि कानटोपी घ्या. कुणी काही म्हणू दे, पहाटे विमानात फार गारठतं.

झोपेच्या गोळीबद्दल माझं मत ठाम आहे: नको. गोळीने माणूस इतका निपचित पडतो की तासन् तास पाय हलत नाहीत, आणि मघाशी सांगितला तो गुठळीचा धोका त्यातच वाढतो. शिवाय उतरताना अंमल उतरलेला नसतो. माझ्या एका ग्रुपमधल्या गृहस्थांनी कुणालाही न सांगता पत्नीची गोळी घेतली. उतरल्यावर चालत होते, बोलत होते, फॉर्मवर सहीसुद्धा केली. दुपारी त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि पासपोर्टची पाउच स्वच्छतागृहातल्या खुंटीवर राहिली होती. ती सापडली, पण चार तास गेले. मद्य आणि गोळी एकत्र तर कधीच नाही. मेलाटोनिन हे वेगळं प्रकरण आहे. ती गुंगीची गोळी नाही, शरीराला 'आता रात्र झाली' असं सांगणारं संप्रेरक आहे. पाच किंवा जास्त कालविभाग ओलांडताना त्याचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलंय. अमेरिकेला जाणाऱ्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. पश्चिमेकडे साडेचार तासांसाठी मला ते गरजेचं वाटत नाही. आणि ब्रिटनमध्ये ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तिथे जाऊन घेऊ असं म्हणू नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

आता यजमानांचा मधुमेह. मी डॉक्टर नाही, पण या एका गोष्टीवर मी प्रत्येक टूरच्या आधी आवाज चढवते. निघायच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या डॉक्टरांकडे एक कागद घेऊन जा. त्यावर तीन रकाने करा: आपली वेळ, लंडनची वेळ, आणि तेव्हा आपण काय करत असू. पश्चिमेकडे जाताना तुमचा दिवस साडेअठ्ठावीस तासांचा होतो. त्या जास्तीच्या तासांत जेवणं किती आणि डोस किती, हे डॉक्टरांनीच पेनने लिहून द्यावं. जेवणाआधीचं इन्सुलिन विमानात ट्रे प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही. ट्रॉली दोन रांगांवर आली म्हणून टोचून घ्यायचं आणि तेवढ्यात विमान हलायला लागून वाटप थांबायचं, हे मी पाहिलंय. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत कधीच नाही, तिथे ते गोठून वाया जाऊ शकतं. सगळी औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. अर्धी तुमच्याकडे, अर्धी त्यांच्याकडे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. साखर खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ होतो. रात्रभर जागलेल्या माणसाचंही जवळजवळ तसंच दिसतं. यजमान हॉटेलच्या लॉबीत गप्प बसले, विचारलेल्याला नीट उत्तर देईनात, तर 'दमलेत बिचारे' म्हणून सोडू नका. आधी ग्लुकोमीटर काढा. तो आणि ग्लुकोजची पावडर किंवा साखर तुमच्या पर्समध्ये असू दे, त्यांच्या बॅगेत नको. बॅगेची चेन उघडणंसुद्धा त्या क्षणी त्यांना जमणार नाही.

उतरताना कान दुखतात म्हणून खडीसाखर किंवा लवंग तोंडात ठेवायची आपली पद्धत चांगली आहे, गिळत राहिलं की कान सुटतात. यजमानांना लवंगच. सर्दी झालेली असेल तर मात्र निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, त्या दुखण्याने मोठी माणसं रडताना मी पाहिली आहेत.

हीथ्रोला विमानापासून इमिग्रेशनपर्यंत बरंच चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकिटातच नोंदवा, त्यात कमीपणा काही नाही. रांगेत उभं राहण्याआधी बसून एक कागद वाचून घ्या. तो घरूनच लिहून न्यायचा, मोठ्या अक्षरात: किती दिवस राहणार, हॉटेलचं नाव-पत्ता, परतीची तारीख, मुलीचा फोन. युरोपातल्या एका विमानतळावर माझ्या ग्रुपमधल्या एका बँक अधिकाऱ्याला विचारलं, किती दिवस राहणार? बारा दिवसांची टूर होती. रात्रभर न झोपलेला माणूस, तो म्हणाला, दोन महिने. पाऊण तास त्याला बाजूला बसवून ठेवलं. तो हुशार होता, इंग्रजी चांगलं होतं, फक्त डोकं थांबलं होतं. त्या अवस्थेत आपण काही आठवून बोलू असं धरूच नये, वाचून बोलावं.

पॅडिंग्टनला जायला एलिझाबेथ लाइनची गाडी हीथ्रोहून थेट आहे, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. बँकेचं कॉन्टॅक्टलेस (नुसतं टेकवून चालणारं) कार्ड मशीनला टेकवून आत जायचं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. दमलेली जोडपी नेमकी इथे अडकतात: एक आत, एक बाहेर, आणि मध्ये बंद झालेलं दार. दोघांच्या खिशात एकेक कार्ड घरूनच ठेवा. दोनपेक्षा जास्त बॅगा असतील तर सरळ टॅक्सी करा. मी काटकसरीच्या बाजूची आहे, पण या एका सकाळी नाही.

हॉटेलात साडेदहाला पोचलात की खोली लवकर मिळेल का ते विचारा, कधी कधी मिळते. नाही मिळाली तर बॅगा ठेवून घ्या म्हणावं, सगळीकडे ठेवतात. हातातल्या बॅगेत एक कपड्यांचा जोड आणि टूथब्रश वरच ठेवलेला हवा. लॉबीतल्या स्वच्छतागृहात तोंड-हात-पाय धुवून कपडे बदललेत तरी अर्धा थकवा उतरतो. मग काही खा आणि उजेडात जा. पॅडिंग्टनहून दहा-बारा मिनिटं चाललं की लँकेस्टर गेटपाशी केन्सिंग्टन गार्डन्स लागते. तिथे कारंजी आणि दगडी हौद असलेला इटालियन गार्डन्सचा भाग आहे, बसायला बाकं आहेत, पलीकडे लांबट तळं. बदकं बघत बसा. लंडन पाहायला सुरुवात झाली, तिकीट लागलं नाही, आणि दमलात तर दहा मिनिटांत हॉटेल. रस्ता ओलांडताना आपल्याला लंडन सोपं आहे, वाहनं आपल्यासारखीच डावीकडून जातात. पॅरिस किंवा न्यूयॉर्कला उतरलेला झोपाळू भारतीय सवयीने चुकीच्या बाजूला बघून पाऊल टाकतो, तिथे मी अक्षरशः माणसांचे दंड धरून उभी असते.

तीनला खोली मिळाली की अंघोळ करा आणि अर्धा तास पडा. अर्धाच. दुलईत शिरायचं नाही, वरच्या वर पडायचं, पडदे उघडे. गजर लावाल आणि झोपेत बंद कराल, म्हणून मुलीला सांगून ठेवा: तिच्या रात्री नऊला, म्हणजे लंडनच्या साडेचारला, तिने फोन करायचा आणि दोघांचे आवाज ऐकल्याशिवाय ठेवायचा नाही. मग पुन्हा बाहेर पडा. जूनमध्ये तिथे सूर्य नऊनंतर मावळतो आणि तो संध्याकाळचा उजेडच तुमचं औषध आहे. शरीराचं तापमान पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं. त्याआधीच्या काही तासांत डोळ्यांवर पडलेला उजेड शरीराचं घड्याळ मागे ढकलतो, त्यानंतरचा पुढे ओढतो. तुमच्या शरीराचे पहाटेचे चार म्हणजे लंडनचे रात्रीचे साडेअकरा. तुम्हाला घड्याळ मागेच न्यायचंय, त्यामुळे संध्याकाळी सहा ते नऊ उघड्यावर असणं फार कामाचं. हलकं जेवून साडेनऊला झोपा, त्याआधी नाही.

परतताना नेमकं उलट आणि जास्त अवघड होतं, पूर्वेकडे जाणं शरीराला जड जातं. सांगलीला पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस सहाला उठून फिरायला जाण्याचा हट्ट नको. शरीराच्या लेखी तेव्हा रात्रीचा दीड असतो आणि त्या वेळचा उजेड घड्याळ चुकीच्या दिशेने नेतो. नऊनंतरचं ऊन घ्या.

पहिल्या रात्री तुम्हाला दीडला टक्क जाग येणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. आपल्याकडे सहा वाजलेले असतात, तुमची रोजची वेळ. दिवा लावू नका. सगळ्यात मोठा मोह फोनचा असतो, कारण तिकडे सगळे उठलेले, व्हिडिओ कॉलवर दिसायला तयार. तो पडदा डोळ्यांपुढे धरलात की शरीराला सकाळ झाल्याची खात्री पटते. अंधारातच पडून राहा, नामस्मरण करा, बोलायचं तर एकमेकांशी हळू आवाजात बोला. भूक लागली तर दोन बिस्किटं. पडदे पूर्ण ओढलेले हवेत, कारण पावणेपाचलाच उजाडतं. पाचनंतर मात्र उठा, खोलीत बहुधा किटली असते, चहा करा. चार्जरसाठी तिथे तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. तो अडॅप्टर घरूनच घेतलेला असला म्हणजे पहाटे फोन मेलेला राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी बसमधून शहर बघा, बसायला मिळतं. टॉवर तिसऱ्या दिवशी, उघडल्या उघडल्या. तोवर तुम्हाला पाच-साडेपाचला आपोआप जाग येत असेल, आणि बाकीचे पर्यटक नाश्त्याला बसलेले असतील तेव्हा तुम्ही दारात असाल. आत शिरल्यावर आधी राजमुकुट ठेवलेत तिकडे जा, पुढे तिथे लांब रांग लागते. जिने त्यानंतर, सावकाश, आणि यजमानांचा नाश्ता आणि इन्सुलिन दोन्ही वेळेवर झालेलं आहे ना ते विचारून.